शेवटचा टाका

राग गिळणाऱ्यातली बाई आर्जिया कधीच नव्हती. मोदेना शहराबाहेरच्या कारखान्यात ती शर्यतीच्या गाड्यांच्या सीटा शिवायची, तेव्हाही फोरमन तिच्या टेबलाजवळून जपूनच जायचा. त्या लाल गाड्या नऊच झाल्या, कारण दहावीचा पत्रा आणायला मालकाकडे पैसे उरले नव्हते. कारखान्याला टाळं लागलं. आता त्याच दिवाळखोरीला 'मर्यादित आवृत्ती' म्हणतात आणि एका गाडीच्या किमतीत अख्खी गल्ली विकत येते. हे ऐकलं की आर्जियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यातल्याच एका गाडीच्या सीटची शिवण उसवली म्हणून त्या गाडीचे आताचे मालक, वकील बेल्त्रामी यांनी तिला बोलावलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर किंमत पडते म्हणे. ती लगेच गेली, पण वेगळ्याच कारणासाठी. तिचा नवरा दोरांदो या गाड्या पहिल्यांदा रस्त्यावर पळवून बघायचा. एकदा तुला फिरवतो, म्हणाला होता. ते राहूनच गेलं आणि तोही गेला. तिला त्या गाडीत एकदा बसायचं होतं.

गाडी काचेच्या खोलीत ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, चाकं अधांतरी. चामडं सुकून कडक झालं होतं.

"कुणी बसतच नाही, मग उसवेल नाही तर काय!" ती कडाडली.

"बसायचं कशाला, सिन्योरा? ही गुंतवणूक आहे."

दातओठ खात तिनं चामड्याला तेल चोळलं, शिवण घातली आणि शेवटच्या टाक्याशी थांबली. "हा टाका सीटवर माणूस बसवूनच ओढायचा. आमची रीत आहे ती, नाहीतर परत उसवतं. दोरांदो बसायचा. आज मी बसते."

वकीलसाहेब दचकले. "छे, छे! वाळूचं पोतं ठेवू की. तुमच्या यजमानांचं वजन किती होतं?"

"पोतं? माझ्या नवऱ्याच्या जागी पोतं? जनाची नाही, मनाची तरी ठेवा!"

तिनं गाडीचं दार सताड उघडलं आणि सरळ आत जाऊन बसली.

"अहो, उतरा! किंमत घसरेल!"

"घसरू दे मेली!"

तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट दोरांदोच्या मापानं तिनंच तर शिवली होती. डोळे भरून आले आणि त्याचाच तिला आणखी राग आला. तिनं हात पुढे केला.

"चावी द्या. नुसती चालू करते. आवाज ऐकते आणि उतरते."

वकिलांनी चष्मा पुसायला घेतला.

"द्या ना!"

"चावी... इथं नाहीये," ते पुटपुटले. "बँकेच्या लॉकरमध्ये असते. मूळ चावीला वेगळी किंमत येते."

आर्जिया त्यांच्याकडे बघतच राहिली. मग वाकून तिनं शेवटचा टाका स्वतःच ओढला, दोरा दातांनी तोडला आणि खाली उतरली.

"पक्की झालीय शिवण. आता शंभर वर्षं उसवायची नाही. बसा बघत!"

तिनं गाडीचं दार असं आपटलं की खोलीच्या काचा थरथरल्या.