धक्क्यावरून वजन

बाजार समितीच्या आवारात आज एक हमाल झाकलेल्या हातगाडीला तळव्याने हलकाच धक्का देऊन पाहत होता. गाडी किती चटकन सरकते, त्यावरून आत भार किती ते त्याला कळत होतं. माझे बाबाही असंच करायचे.

आमच्या प्रयोगशाळेनं अवकाशात पाठवलेलं यंत्र हेच करतं. सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांना ते धक्का देतं. हलके यंत्राच्या दुसऱ्या टोकाला आधी पोचतात, जड मागून. वेळेवरून कण ओळखायचा.

इतक्या वर्षांत माझं काम बाबांना सांगता आलं नव्हतं. आज फोनवर सांगितलं.

"आन् त्यापायी एवढं शिकलास व्हय?" ते हसले. मग म्हणाले, "पर धक्का समद्यांना सारखाच देतंय न्हवं? न्हाईतर वजन चुकंल."

प्रयोगशाळेत आमचे महिनेच्या महिने तेवढंच तपासण्यात जातात.