दांडा कुणाच्या हातात होता

तोरगुन मिक्लेबुस्टने उभं आयुष्य बोटी हाकल्या, आणि उतारवयात तिला नोकरी मिळाली ती हाताची घडी घालून बसायची. स्कार्व्हसुंद गावाबाहेर मोठा पूल झाला, गाड्यांची फेरीबोट बंद पडली, आणि पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खाडीत एक चिमुकली, आपली आपण चालणारी बोट आली. कायद्याला बोटीवर कप्तानकीचा दाखला असलेलं माणूस हवं होतं, म्हणून तोरगुन. बोट यंत्र चालवणार, हिने लोकांना या-बसा करायचं. सुकाणूचा दांडा एका झाकणाखाली होता. हात लावायचा तो फक्त संकटात, आणि ते संकट होतं की नव्हतं हे कंपनी मागाहून ठरवणार. झाकण उघडलं रे उघडलं की कंपनीचा फोन आलाच.

"काय कॅप्टन, झाली का झोप?" बोर्गहिल्ड बोटीत पाय टाकता टाकता विचारायची. ऐंशी उलटलेली, जिभेला हाड नसलेली बाई.

"तुझ्या बडबडीत कुणाचा डोळा लागतोय!" म्हणत तोरगुन थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे करायची.

तोरगुन हसायची, पण आतून कुढायची. एकच आशा होती. बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटीला वसंतात कॅप्टन हवा होता, आणि तोरगुनला त्यांनी शब्द दिला होता. दाखल्यावर डाग नको, एवढीच अट होती.

एइविंद हा निवृत्त शाळामास्तर. ऐन हिवाळ्यात खाडीत डुंबायचं खूळ त्याच्या डोक्यात होतं. पाण्यात माणूस दिसला की बोट लांबच थांबायची. खालच्या पंख्यात कुणी सापडू नये म्हणून केलेला नियम, चांगलाच नियम. मास्तर बाजूला होईपर्यंत प्रवासी त्याचा उद्धार करत बसायचे.

त्या दिवशीही बोट थांबली. "मास्तर, सरक की! मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय!" बोर्गहिल्ड ओरडली.

मास्तर सरकला नाही. त्याचं तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, परत गेलं. हात नुसते पाणी चापटत होते.

"समोर अडथळा आहे," बोट गोड आवाजात म्हणाली. "मार्ग मोकळा होताच आपण पुढे जाऊ."

मास्तर बुडाला असता म्हणजे मार्ग मोकळा झालाच असता. तोरगुनने झाकण उपसलं, दांडा धरला आणि बोट मास्तरच्या कडेला नेऊन पंखा बंद केला. दोघा प्रवाशांनी त्याला ओढून आत घेतलं. निळा पडला होता, दातखीळ बसली होती. तोरगुनने बोट धक्क्याकडे सुसाट सोडली. अंगातला कोट मास्तरवर घालायला म्हणून बोर्गहिल्ड उठली, आणि तेवढ्यात बोट धक्क्यावर आदळली. म्हातारी आडवी झाली. मनगट मोडलं.

मास्तर वाचला. गावाने तोरगुनला केक नेऊन दिला, आणि पाठोपाठ चौकशीचं बोलावणं आलं.

युनियनने अस्लाक नावाचा वकील दिला. बरा माणूस. पोटतिडकीने सांगत होता.

"बुडणाऱ्याला काढलंस, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. प्रश्न धडकेचा आहे. धक्क्याजवळ तू यंत्राला ताबा परत द्यायचं बटण दाबलंस. तेव्हा आदळताना बोट तुझ्याकडे होती की यंत्राकडे, ते नोंदीतून कळत नाही. तू म्हण, आठवत नाही. कुणाचीच चूक ठरणार नाही, दाखला शाबूत."

"पण मला आठवतंय."

"ते मला सांगू नकोस! आणि बोर्गहिल्ड भेटली तर हवापाण्याचं बोल, काहीही बोल. फक्त माफी मागू नकोस. माफी म्हणजे कबुली."

तोरगुनने त्याचं ऐकलं. काहीही बोलायचं तर माफीच तोंडात यायची, म्हणून ती बोर्गहिल्डला भेटलीच नाही. हाताला प्लास्टर घातलेली म्हातारी समोरून येताना दिसली की ही रस्ता ओलांडायची. असली लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

चौकशीच्या खोलीत अध्यक्षा सुनिवा मधोमध बसली होती. कंपनीच्या माणसाने सांगितलं, यंत्रात दोष नाही. अस्लाकने सांगितलं, तोरगुनचा दोष सिद्ध होत नाही. मग सुनिवाने बोर्गहिल्डला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का.

"म्हणायचंय तर! कंपनी म्हणते यंत्राचं चुकलं नाही. हे वकीलबुवा म्हणतात हिचं चुकलं नाही. मग काय, माझं हाड मी हौसेने मोडून घेतलं? पडले तेव्हा बोट म्हणाली, गैरसोयीबद्दल क्षमस्व. भिंतीने सॉरी म्हटल्यासारखं!" तिचा आवाज कापायला लागला. "हाडाचं मरो. रोज हिच्या हातची कॉफी प्यायचे मी. आता ही मला बघून रस्ता ओलांडते."

सुनिवा तोरगुनकडे वळली.

"तोरगुन, बोट आदळली तेव्हा दांडा कुणाच्या हातात होता?"

अस्लाकने टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला. 'आठवत नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द, की बेटांची बोट तिची. उघडं पाणी, खरं सुकाणू, आणि पेन्शनीपर्यंत कुणाचा फोन नाही. सुनिवाने प्रश्न पुन्हा विचारला.

तोरगुनने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती खुर्ची सरकवून बोर्गहिल्डकडे वळली.

"माफ कर गं. माझ्या हातात होता. घाई झाली, वेगाचा अंदाज चुकला. माझं चुकलं."

अस्लाकने डोळे मिटून घेतले. बोर्गहिल्ड चांगल्या हाताने नाक पुसत म्हणाली, "एवढं सांगायला इतके दिवस लावलेस, बये?"

दाखला वर्षभरासाठी गेला. बेटांची बोट दुसऱ्याला मिळाली. निकालात एक वाक्य होतं: यंत्राच्या ताब्यात असताना बोटीकडून कोणतीही चूक झालेली नाही. अगदी खरं! एक माणूस डोळ्यांदेखत मरत असताना ती बिनचूक उभी होती. कंपनीने तेच वाक्य पुढे करून नवी परवानगी मागितली: धोका यंत्राचा नाही, माणसाच्या हाताचा आहे, तेव्हा बोटीवर माणूसच नको. मिळालीही.

आता बोट रिकामीच ये-जा करते. म्हणजे प्रवासी असतात, बघायला कुणी नसतं. मास्तरचं खूळ काही गेलेलं नाही. तो पाण्यात उतरला की तोरगुन काठावर दोर घेऊन उभी राहते, आणि तो बाहेर येईपर्यंत त्याला शिव्या घालते.