दोन डॉक्टर, दोन फायली

आमची मुलगी सहा वर्षांची झाली तोवर तिच्या दोन फायली झाल्या होत्या, आणि त्यांची गाठ पडू नये याची काळजी मी स्वतः घेत होते. निमोनियाची फाइल अण्णा नगरातल्या, घराजवळच्या हॉस्पिटलातली. कोपरा-गुडघ्यांवरच्या पांढऱ्या डागांसाठी मात्र आम्ही गाडीने थेट शहराबाहेरच्या आवडी गावाला जायचो, कारण तिथे आमचं ओळखीचं कुणी नाही. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. त्यांच्यात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. "मुलीची जात आहे, अस्क्यांना सांगू नको," सासूबाई म्हणाल्या. अस्क्यांना म्हणजे सगळ्यांना. मी नागपूरची, फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण तेव्हा निमूट मान डोलावली. त्याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या निमोनियात तिला अॅडमिट केलं. तपासताना डॉक्टरीणबाईंनी तिची बाही वर सारली.

"हे कधीपासून?"

"ते वेगळं आहे," मी घाईघाईने म्हणाले. "त्याचा याच्याशी संबंध नाही."

ऑक्सिजनच्या मास्कमधून मुलगी बोलली, "त्याची फाइल अम्मा साड्यांखाली लपवते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "वेगळं नसेलही. आजच आणा," एवढंच म्हणाल्या. मी रिक्षाने जाऊन घेऊन आले. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, जीनचीही झाली. तिच्या रक्तात जंतूंशी लढणारी प्रथिनं जन्मापासूनच फार कमी होती. जी प्रतिकारशक्ती जंतूंपुढे हात टेकत होती, तीच चुकून तिच्या स्वतःच्या त्वचेवर उलटली होती. एकाच दुखण्याची दोन टोकं मी दोन गावांना वाटून ठेवली होती.

आता दर चार आठवड्यांनी, शनिवारी, तिला ती प्रथिनं शिरेतून देतात. डाग अजून आहेत. असू देत. वर्ष उलटलं, हॉस्पिटलात एक रात्रही काढावी लागली नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. ताप? खोकला? धापा टाकत पोचले, तर बाईंची तक्रार: मुलगी वर्गात अखंड बडबडते, दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. एकेका वाक्याला दम लागणारी माझी पोर! मी दोनदा माफी मागितली, पण तोंडावरचं हसू काही आवरेना.

"घरी जरा रागवाल ना तिला?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.