मनगटांची खानेसुमारी

आमच्या गावात माणसं किती, हे निजाम सरकारला दहा वर्षांतून एकदा कळायचं आणि आमच्या वडिलांना रोज. सरकारची माणसं खानेसुमारीला आली की दारांवर गेरूनं आकडे मारत जायची. वडील मनगटं मोजायचे. आम्ही कासार. कुणाकडं पोर जन्मली, कुणाची सासरी गेली, कुणाला दिवस राहिले, कुणाचं कुंकू गेलं, ते सगळं बांगड्यांच्या पेटीसमोर येऊन बसणाऱ्या हातांवरून त्यांना समजे. गावाचा इतिहाससुद्धा ते असाच सांगत. "प्लेगात गाव माळावर ऱ्हायला गेलं, तवा कोष्टी गल्लीतली निम्मी मनगटं गेली. मग अणदूरकडनं चार घरं आली, त्यांची हाडं रुंद." राजे, नवाब, सुभेदार त्यांच्या इतिहासात येत नसत, कारण त्यांना बांगड्या भराव्या लागत नव्हत्या.

घराण्याचा एक नेम होता. ज्या हातानं पोरीला लग्नाचा चुडा भरला, त्याच हातानं तिला सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या भरायच्या. मग पोर हिंदूची असो की मुसलमानाची. या नेमामुळं आमच्यात कुणी लांब नोकरीला गेलं नाही. गावात सतत कुणीतरी सातव्या महिन्याकडं निघालेलीच असे.

माझा हात मात्र या धंद्याला बसला नाही. मी पेटी चांगली वाहायचो, आरोळी त्याहून चांगली द्यायचो. पण मी समोर बसलो की बायका हात पदराआड घ्यायच्या. वडील म्हणायचे, "ह्याच्या अंगठ्यात घाई हाय." बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, ही आमची रीत. माझ्या हातून इतक्या वाढायच्या की काचा गोळा करायला आई सूप घेऊनच मागं बसे.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला तेव्हा मी पंचविशीत होतो. येरमाळ्याच्या यात्रेत वडिलांनी पेटी उघडली आणि जवळजवळ भरलेलीच परत आणली. बायका नव्हत्याच. रझाकार अमुक गावात आले, तमुक गाव जाळलं, अशा बातम्या रोज नव्यानं येत. ज्याला जमेल तो बैलगाडी जुंपून सरहद्दीपलीकडं बार्शीला निघाला होता. आईला, बायकोला आणि तान्ह्या लेकाला मीही मामांच्या गाडीत बसवून दिलं. राहिलो मी आणि वडील. वडील काही हलेनात.

कारण भिंतीपलीकडचं घर. पिंजारी चाचांच्या मुलीचं लग्न उमरग्याकडं ठरलं होतं. तिच्या जन्मानंतर काळ्या मण्यांच्या मनगट्या वडिलांनीच बांधलेल्या. "चुडा भरतो आन् निघतो," असं ते म्हणत. पण नवऱ्याकडची माणसं रस्ता धड नाही म्हणून तारीख पुढं ढकलत होती. मी रोज संध्याकाळी गाठोडं बांधायचो आणि सकाळी अंगावर घालायला सदरा हवा म्हणून सोडायचो. वेशीपर्यंत जायचो, परत यायचो. एका जागी बसवतच नव्हतं. गल्लीत ज्या दाराला कुलूप दिसे त्या दाराकडं बघून मला आमचंच कुलूप दिसायचं.

"जरा बस की," वडील म्हणायचे. "वेस काय पळून चालली का?"

"वेस न्हाय, गाव चाललंय," मी म्हणायचो.

शेवटी चाचाच आले, मुलीला घेऊन. "दादा, तुमी आजच भरून टाका. तारीख लागंल तवा लागंल. तुमच्या पोराच्या चकरा बघून माझी शेळी आटली."

वडिलांनी मान हलवली. "तारीख लागल्याबिगर चुडा भरायचा न्हाय."

तेवढ्यात मुलगी बोलली. तिला लहानपणापासून आमच्या पेटीशी खेळायची सवय, त्यामुळं भीड नव्हती. "काका, लागली तारीख. येत्या जुम्म्याला. अब्बांना भीती वाटती, तुमाला सांगितलं तर तुमी तवर थांबाल."

चाचा खाली बघू लागले. म्हणजे आमच्या जिवाच्या काळजीनं माणूस खोटं बोलायला आला होता. वडिलांनी पेटी ओढली आणि हिरव्या बांगड्या दोरीतून मोकळ्या केल्या. तिचा हात हातात घेतला. आणि तसाच धरून राहिले.

त्यांचा उजवा अंगठा दोन दिवसांपासून सुजलेला होता. कुलूप लागलेल्या घरांच्या गाईगुरांना ते वैरण टाकत फिरत होते, त्यात कुठंतरी विळा लागलेला. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याच मिनिटाला गाडी जुंपली असती.

"तू भर," ते मला म्हणाले.

"म्या?"

"मग काय वेस भरंल?"

मी बसलो. मुलीनं हात पुढं केला आणि डोळे मिटले. वडिलांचं ऐकून इतकी वर्षं जे पाठ होतं तेच मनात म्हणालो: अंगठा आत दुमडायचा, करंगळीकडून चेपायचं, बांगडी ढकलायची नाही, हात बांगडीत आणायचा. पहिली वाढली. दुसरीही वाढली.

"दादा," ती डोळे न उघडता म्हणाली, "मला लग्नाला न्यायचं हाय का दवाखान्यात?"

चाचा हसले, वडील हसले, आणि का कोण जाणे, मीही हसलो. हसता हसता हात सैल पडला नि बांगडी आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही हात भरले. प्रत्येक हाताला रीतीप्रमाणं एक जास्त.

"झालं," मी उठलो. "चला, गाडी जुंपतो."

"जुंप," वडील म्हणाले. "मी जातो. तुला कुठं जाता येतंय आता? चुडा तुझ्या हाताचा."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. अंगठा बांधून, गाठोडं मांडीवर घेऊन ते दुपारी बार्शीच्या वाटेला लागले, इतक्या शांतपणे की मला राग आला. महिनाभर जो पळून जायची घाई करत होता तो मागं राहिला. जुम्म्याला लग्न झालं, मुलगी उमरग्याकडं गेली. मी गुरांना वैरण टाकत राहिलो. लेकाचं रांगणं माझ्याशिवाय सुरू झालं.

पावसाळा सरता सरता फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. कुलपं निघू लागली, आमचीही माणसं परतली. पण भीती गेली नव्हती. भिंतीच्या पलीकडं गेली होती. एका सकाळी बघतो तर चाचा कापूस पिंजायची धनुकली फडक्यात गुंडाळतायत.

"कुठं निघालात?"

"हैदराबादकडं. का अजून कुठं. आमच्या लोकांचं लई वाईट ऐकायला येतंय, बेटा."

"आन् पोरगी सातव्या महिन्याला माहेरी कुठं यायची? बांगड्या मला भरायच्यात."

"अरे, अजून दिवस तरी गेलेत का तिला!"

"मग तवर थांबा."

मी घरात आलो आणि पुन्हा तेच: बस म्हटलं तरी बसवेना. आतबाहेर, आतबाहेर. वडील अंगठ्याला तेल चोळत माझ्याकडं बघत होते. दुपार टळली तेव्हा भिंतीपलीकडून धनुकलीच्या तारेचा आवाज आला, आधी अडखळत, मग एकसारखा.

पुढच्या वर्षी ती सातव्या महिन्यात माहेरी आली. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. तिनं हात पुढं केला. "आता तर कुठं पळायचं न्हाय ना, दादा? सावकाश भर."

पळायचं नव्हतं. राज्य बदललं होतं, लेक मांडीवर होता, ऊनसुद्धा कोवळं होतं. तरी पहिली वाढलीच. इतके दिवस मी माझी घाई त्या पळापळीच्या दिवसांवर ढकलत आलो होतो. आई सूप घेऊन मागं बसलेलीच होती.