हौदातली जहाजं

दिवाळी उलटली की नारायणगावाहून पिंपळवंडीला जाताना ओढ्याकडेला दोरांच्या वाखासाठी अंबाडी कुजत घातलेली दिसते. त्या उग्र, आंबूस वासानं लोक नाकाला उपरणं लावतात. मी मान खाली घालतो. मला त्या वासात समुद्र आठवतो, आणि समुद्रापाठोपाठ माझा शहाणपणा.

त्या काळी मी शाळामास्तर होतो आणि व्याख्यानं झोडण्याची मला खोडच जडली होती. एका गणेशोत्सवात पिंपळवंडीच्या चावडीवर विषय घेतला विजयदुर्गाच्या आरमाराचा. समुद्र मी पाहिलेला नव्हता. कुकडीचा पूर मात्र पाहिला होता. त्यातच मूठभर मीठ टाकून मी दर्या उभा केला. खाडीत गलबतं दबा धरून कशी बसत, परक्यांची जहाजं दिसताच कशी झेपावत, सारं असं सांगत होतो की जणू सुकाणू माझ्याच हाती होतं. तेवढ्यात चावडीच्या पायरीखालून, जिथं गावानं त्याच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या बसवलं होतं तिथून, दोर वळणारा एक म्हातारा हात जोडून उठला.

“मास्तर, गलबतं कोरडी करायचा हौद ऱ्हायला की. खडक फोडून केल्याला. आमचा पणजा हितनं अंबाडीचे दोर घिऊन नाणेघाट उतरून गेल्ता. दोन वरीस तिथंच व्हता जी.”

मला ठाऊक नसलेलं कुणाला ठाऊक असावं, आणि तेही पायरीखालच्याला! मी मिशीत हसलो. “अरे बाबा, गलबत म्हणजे काय म्हैस आहे, हौदावर आणून धुवायला?”

चावडी खदखदली. म्हातारा खाली बसला. त्या दिवसापासून तो दोर घेऊन बाजारात दिसला की हाक येई, “काय रं हौदवाल्या, जहाज धुतलं का न्हाई?” माझा विनोद गावाला फार आवडला होता.

दोनेक वर्षांनी एका सोयऱ्याच्या लग्नासाठी आगबोटीनं विजयदुर्गास जाण्याचा योग आला. खाडीकाठी फिरता फिरता खडकात कोरलेली एक भलीमोठी आयताकृती खाच दिसली. तळाशी चिखल, त्यात खेकडे. बरोबरचा नावाडी सहज म्हणाला, “आरमाराची गोदी ती. भरतीक गलबत आत घेयत, ओहोटीक ता उघडां पडा. मगे तळ खरवडून तेल लावीत.”

भरती-ओहोटी! शाळेत चुकणाऱ्या पोरांना मी त्यासाठी छडी मारली होती. कोकणातल्या त्या दमट उन्हात माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आरमाराच्या या ठाण्याचा अर्धा पराक्रम तोफांत नव्हताच. तो तळ खरवडणाऱ्या हातांत होता, घाट उतरून आलेल्या दोरांत होता. आणि तो सांगणाऱ्याला मी म्हैस दाखवली होती.

परतल्यावर माफी मागायला मला आठ महिने लागले. गेलो तोही भर दुपारी, गाव झोपलेलं पाहून. म्हातारा लिंबाखाली दोराला पीळ देत होता. मी गोदी पाहिल्याचं सांगितलं. त्याचे हात थांबले.

“म्हंजी हाय?”

“आहे. तू सांगितलीस तश्शी.”

“मी तर नातीला सांगून टाकलं, पणज्यानं थाप मारली आसंल.” मग दोर बाजूला ठेवून म्हणाला, “मास्तर, येवढं चावडीवर सांगाल का? माजं नाव घिऊन?”

“सांगतो की,” मी म्हणालो.

पुढच्या उत्सवात मी गोदीवरच बोललो. खडक, भरती, ओहोटी, काही सोडलं नाही. ‘हे मला या गृहस्थांनी आधीच सांगितलं होतं,’ हे वाक्य जिभेवर आणलंही. पण तेवढ्यात गावचे पाटील म्हणाले, “वा मास्तर! लई हिंडलाय राव तुमी!” टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला, आणि वाक्य मी गिळलं. नातीला घेऊन पायरीखाली बसलेला म्हातारा शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं हात जोडले नि नातीचा हात धरून तो निघून गेला.

काळ सगळं पुसतो म्हणतात. खोटं आहे ते. पिंपळवंडीत आज शेंबडं पोरही ती गोदी जाणतं आणि ‘मास्तरांनी सांगितली’ म्हणतं. काळाच्या हातात फडकं आपणच देतो. तो म्हातारा आता नाही. हे लिहिताना त्याचं नाव घालावं म्हणून लेखणी थांबवली, तेव्हा ध्यानात आलं, ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.