मेमरीच्या तपासणीत उमटलेल्या लाल ओळी

आमच्या कामगार संघटनेचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. दुरुस्तीवाल्यानं मेमरीची तपासणी लावली आणि स्क्रीनवर लाल ओळी उमटल्या.

"मेमरी खराब हाय की, पावणं. ह्यात सेव्ह केल्यालं आकडं बदलल्यालं बी असतील."

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जखमी झालेल्या कामगारांचे जबाब त्यातच होते. मालक अक्षर ओळखेल, म्हणून त्यांनी हाताने लिहिलेले कागद टाइप करून झाल्यावर आम्हीच फाडले होते. माणसानं स्वतःच्या अक्षरालाही भ्यायचं, ही कसली नोकरी! आता एक आकडा चुकला, तरी मालक सगळ्यांनाच खोटं ठरवणार.

छापलेले जबाब पडताळायला घेऊन मी पहिल्या कामगाराकडे गेलो.

"तुमची तीन बोटं गेली ना?"

त्यानं हात पुढे केला. दोनच गेली होती. पिशवीत बाकी सगळ्यांचे जबाब होते.