मेरेवरचं नाणं

भातकापणी झाली की आचऱ्याचा पेद्रू धातू शोधणारं मशीन घेऊन शेतं पालथी घालतो.

"काय रे पेद्रू, आज खिळे गावले की घोड्याचो नाल?" शेजारचा गुरुदास बांधावरून हसतो. पेद्रूला मात्र अधूनमधून जुनी तांब्याची नाणी मिळतात आणि ती तो चिंचेनं घासून कपाटात मांडतो.

काल मेरेवर, म्हणजे शेताच्या हद्दीवर, राखणदाराच्या दगडापाशी मशीन किंचाळलं. त्या दगडाला हिंदू काय, ख्रिस्ताव काय, सगळेच दरसाल कोंबडा-नारळाची राखण देतात. तिथे खणत कोणी नाही. पेद्रूने खणलं. लाल फडक्यात बांधलेलं नाणं निघालं, तेही आजकालचंच.

ते बघून त्याची आई क्लेमेंटिना चुलीकडून उठलीच. "मेल्या, ह्यां तुका खंय गावलां?"

"मेरेर, दगडाकडे."

"ब्रॅंडन ट्रॉलरवर गेलो तेव्हा मीच पुरलेलंय. तो घराक येयसर कोणी उकरूचां नाय, असां राखणदाराक गाऱ्हाणां घातलेलंय रे!"

पेद्रूने धाकट्या भावाला, ब्रॅंडनला, फोन लावला. लागला नाही. "समुद्रात रेंज नसताच," तो म्हणाला, आणि परत लावला.

दोघं धावत मेरेवर आली. आईने नाणं फडक्यासकट होतं तिथेच ठेवून माती लोटली. नीट बसलं का बघायला पेद्रूने वरून मशीन फिरवलं. आवाज नाही. बाजूच्या फावड्यावर धरलं तर ते किंचाळलं. पुन्हा दगडापाशी आणलं, तर गप्प.

"वाजलां काय रे?"

"वाजलां गो माय."

"मग माका कसां आयकाक येवक नाय?"